दुकानाच्या सायरनला परवाना लागतो का? राजारामपुरीतल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर सांगता येईल. राजारामपुरीत तुमचं मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर छोटं हॉस्पिटल. तुम्ही लग्नासाठी पुण्याला गेला होता. रात्री अडीचला सायरन सुरू झाला आणि पहाटे तुमचे मेहुणे किल्ली घेऊन पोहोचेपर्यंत वाजत राहिला. चोरी वगैरे काही झालेली नव्हती. हॉस्पिटलने तक्रार केली, बीटचे हवालदार येऊन ‘परत वाजला तर कारवाई करू’ असं बजावून गेले. अमेरिकेत राहणारा तुमचा भाऊ म्हणतो की तिकडे अलार्मला शहराचं परमिट काढावं लागतं आणि विनाकारण वाजला की दंड बसतो. म्हणून तुम्ही विचारताय की कोल्हापूर महापालिकेचा असा परवाना असतो का, दंड किती आणि अलार्म थेट पोलीस ठाण्याला जोडता येईल का.

मी कोल्हापूर आणि परिसरात अलार्म-कॅमेऱ्याचंच काम करतो. गुजरीतली सराफी दुकानं, पतसंस्था, शिरोली-गोकुळ शिरगावचे कारखाने, बंगले, सगळं त्यात आलं. घरफोडीच्या अलार्मसाठी महापालिकेचा वेगळा परवाना काढायची वेळ माझ्या एकाही ग्राहकावर आलेली नाही. गुमास्ता किंवा व्यवसाय परवान्याचाही याच्याशी संबंध नाही. पण एवढं ऐकून निश्चिंत होऊ नका. परवाना नाही याचा अर्थ नियम नाही असा होत नाही. आणि तुमची खरी अडचण परवान्याची नाहीच. सायरन का वाजला, वाजल्यावर थांबला का नाही आणि तो ऐकून जबाबदारीने कोण आलं, हे तीन प्रश्न सुटले की हवालदारांना परत यावं लागणार नाही.

आधी भावाच्या सांगण्याबद्दल, कारण त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. अमेरिकेत अलार्म कंपनीचं मॉनिटरिंग सेंटर असतं. सेन्सर वाजला की सेंटरला सिग्नल जातो, सेंटर पोलिसांना फोन करतं आणि गाडी निघते. घराघरांत अलार्म बसल्यावर पोलिसांच्या लक्षात आलं की अशा फोनांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा चोर नसतोच. मालक कोड विसरलेला असतो, मांजर फिरलेलं असतं, खिडकी वाऱ्याने हललेली असते. दरवेळी दोन पोलीस जाऊन यायचे आणि तेवढा वेळ खऱ्या कामाला कमी पडायचा. म्हणून शहरांनी परमिट आणलं. परमिटच्या अर्जात पत्ता, मालकाचे फोन नंबर आणि किल्ली कुणाकडे असते ते लिहून घेतात. वर्षात ठरावीक संख्येपेक्षा जास्त खोटे कॉल गेले की चढता दंड लागतो. काही शहरं त्याहून पुढे गेली. लास वेगासने १९९१ मध्ये आणि सॉल्ट लेक सिटीने २००० मध्ये ठरवलं की नुसता सेन्सर वाजला म्हणून पोलीस येणार नाहीत, आधी कुणीतरी प्रत्यक्ष बघून किंवा कॅमेऱ्यावरून खात्री करायची. सिएटल पोलिसांनीही ऑक्टोबर २०२४ पासून असाच पुरावा मागायला सुरुवात केली.

ब्रिटनची पद्धत आपल्याला जास्त उपयोगाची वाटते, कारण तिथल्या कायद्याने आवाजाचा वेगळा विचार केलाय. २००५ च्या एका कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांना एखादा भाग ‘अलार्म सूचना क्षेत्र’ म्हणून जाहीर करता येतो. त्या भागात अलार्म असेल तर किल्ली असलेल्या माणसाचं नाव कळवावं लागतं. सायरन सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त किंवा थांबून थांबून तासाभरापेक्षा जास्त वाजला आणि किल्लीवाला सापडला नाही, तर अधिकारी आवारात येऊन तो बंद करू शकतात. पोलिसांचं वेगळंच. बारा महिन्यांत तीन खोटे कॉल गेले की त्या पत्त्याला अलार्मवरून मिळणारी पोलिसांची मदत काढून घेतात. पुन्हा हवी असेल तर यंत्रणा सुधारून दाखवायची.

म्हणजे तिकडची शहरंही अलार्म कुठल्या कंपनीचा किंवा कितीचा हे बघत नाहीत. खात्रीशिवाय पोलिसांना बोलावू नका, सायरनला वेळेची मर्यादा ठेवा आणि येऊ शकणारा माणूस नेमा, एवढंच ती मागतात. आपल्याकडे हे कुणी फॉर्मवर लिहून घेत नाही, म्हणून ते आपण आपल्यासाठी करायचं.

आता आपल्याकडे तुम्हाला लागू होणारा नियम. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्र म्हणजे दहा ते सहा. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. हॉस्पिटल, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र होऊ शकतो, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तो तसा जाहीर केलेला असावा लागतो. तुमच्या इमारतीचं काय ते चौकशी करूनच कळेल. खाजगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त नसावा, असंही त्यात आहे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज झाला तर तक्रार करता येते. ती घेण्याचा अधिकार जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना आहे. कोल्हापुरात आयुक्तालय नाही, त्यामुळे विषय जिल्हा पोलिसांकडेच जातो. तुमच्याकडे महापालिकेचा माणूस न येता हवालदार आले, ते यामुळेच.

आता हे आकडे तुमच्या सायरनशी ताडून बघा. बाजारात मिळणारा साधा हूटर एक मीटरवर ११० डेसिबलच्या आसपास वाजतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे सोळा मीटरवरही ८६ राहतात, आणि दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या गल्लीत त्याहून जास्त. हॉस्पिटल तर तुमच्या डोक्यावरच आहे. ४५-५५ ची मर्यादा पाळून चोराला घाबरवणारा सायरन होऊच शकत नाही. नियमात रात्रीच्या बंदीला सार्वजनिक आणीबाणीची सवलत आहे, पण एका दुकानाची घरफोडी त्यात बसते असं गृहीत धरून बसू नका. व्यवहारात काय होतं ते सांगतो. खरोखर शटर उचकटलं आणि सायरन तीन मिनिटं वाजला, तर शेजारी तक्रार करत नाहीत, उलट धावून येतात. तक्रार होते ती तासन्‌तास वाजणाऱ्या किंवा आठवड्यात दोनदा वाजणाऱ्या सायरनची. तसं वारंवार झालं तर सार्वजनिक उपद्रव म्हणून भारतीय न्याय संहितेखाली दंड होऊ शकतो आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ प्रमाणे प्रांताधिकारी तो उपद्रव थांबवायचा आदेश काढू शकतात. ठरलेल्या रकमेचा ‘अलार्म दंड’ मात्र इथे नाही.

तुमच्या मनात असलेली दुसरी भीती म्हणजे पोलिसांना खोटी खबर दिल्याचा गुन्हा. न्याय संहितेत कलम २१७ आहे, पण ते मुद्दाम, खोटं आहे हे माहीत असताना दिलेल्या माहितीसाठी. चुकून वाजलेला सायरन त्यात बसत नाही.

थेट पोलीस ठाण्याला जोडण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जोडू नका. ऑटो डायलरमध्ये, म्हणजे अलार्म वाजला की आपोआप फोन लावणाऱ्या यंत्रात, ११२ किंवा ठाण्याचा नंबर भरून द्या असं सांगणारे ग्राहक मला नेहमी भेटतात, आणि मी भरून देत नाही. रेकॉर्ड केलेला आवाज समोरच्या पोलिसाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. तीनदा खोटा फोन गेला की चौथ्या वेळी खरा चोर असला तरी तो फोन कितपत मनावर घेतला जाईल? ११२ ला फोन माणसानेच करायचा, आणि खात्री करूनच. डायलरमध्ये तुमचा, मेहुण्यांचा आणि चालत पाच मिनिटांत येऊ शकणाऱ्या एकाचा नंबर ठेवा. फोन आला की मोबाईलवर कॅमेरा उघडायचा. आत माणूस दिसला किंवा शटर वर उचललेलं दिसलं की लगेच ११२ लावून सांगायचं: दुकानाचं नाव, गल्ली, जवळची खूण, किती माणसं दिसतायत. असा फोन गेला की गाडी वेळेत निघते. पॅनिक बटणाचं वेगळं आहे. ते माणूस स्वतः दाबतो, म्हणून तिथे खातरजमेत वेळ घालवायचा नाही.

पेठांमध्ये, म्हणजे शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या भागात, पोलिसांच्या आधी तालमीतली पोरं पोहोचतात. त्यांच्यापैकी एकाचा नंबर यादीत असणं मला फार मोलाचं वाटतं. फक्त त्यांना सांगून ठेवा की आत शिरायचं नाही, बाहेर थांबून फोन करायचा. राज्यातल्या बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एका कॉलवर गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर निरोप जातो. तुमचं एखादं गोडाऊन करवीर तालुक्यातल्या गावात असेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा.

आता सायरन वाजलाच का याकडे येतो, कारण इथे सगळ्यात जास्त सुधारणा होते. पॅनेलमध्ये, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीत, इव्हेंट लॉग (घटनांची नोंद) असतो. त्या रात्री कुठल्या झोनने (एका जागेचे सेन्सर म्हणजे एक झोन), किती वाजता वाजवलं ते बघा. लॉग न बघता सेन्सर बदलणारा मिस्त्री तुमचे पैसे वाया घालवतोय.

झोन शटरचा असेल तर खालचा मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट, म्हणजे शटर उघडलं की ओळखणारा चुंबकी सेन्सर, तपासा. आपल्याकडे तो जमिनीवर, उंबऱ्याशी बसवतात, आणि सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम सडा मारायचं. पाणी रोज त्याच्या स्क्रूवर आणि वायरच्या जोडावर जातं. वर्षभरात जोड हिरवट होतो आणि पावसाळी हवेत अधूनमधून तुटतो. पॅनेलला वाटतं शटर उघडलं. कॉन्टॅक्ट बाजूच्या चॅनेलवर, जमिनीपासून वीतभर वर घ्या आणि जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवा. शटरला धक्क्याचा सेन्सर असेल तर त्याची संवेदनशीलता कमी करा. महाद्वार रोड, पापाची तिकटी भागात विसर्जन मिरवणुकीच्या रात्री साउंड सिस्टीमने शटर असं थरथरतं की जास्त संवेदनशील सेन्सर हमखास वाजतो. त्या भागातल्या ग्राहकांचे धक्क्याचे झोन मी त्या रात्रीपुरते बंद करून देतो आणि आतले चालू ठेवतो.

झोन आतल्या पीआयआर सेन्सरचा (उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या) असेल तर दोन गोष्टींवर माझा पहिला संशय असतो. एक, पाल. सेन्सरशेजारी रात्रीचा दिवा असेल तर किडे येतात, किड्यांमागे पाल येते आणि भिंगावरून फिरते. वायरचं भोक सिलिकॉनने बंद केलेलं नसेल तर ती आतही शिरते. दुसरी गोष्ट म्हणजे पंखा. संध्याकाळी लाइट गेलेली असते, पंख्याचं बटण चालूच राहतं, तुम्ही तसंच शटर ओढून जाता. रात्री लाइट येते, पंखा फिरायला लागतो आणि काउंटरवर टांगलेली कव्हरं, पोस्टर हलायला लागतात. तुमच्याकडे अडीचला नेमकं हेच झालं असेल असं छातीठोकपणे सांगणार नाही, पण लॉगमध्ये त्याच्या मिनिटभर आधी वीज आल्याची नोंद दिसली तर दुसरीकडे शोधू नका.

पॅनेलमध्ये दोन सोयी आहेत का बघा. पहिली, दोन वेगवेगळ्या सेन्सरनी ठरावीक वेळात सिग्नल दिला तरच बाहेरचा सायरन वाजवायचा. एकच वाजला तर फक्त फोन जाईल. ब्रिटनमध्ये पोलिसांना कळवण्याआधी अशीच दुहेरी खात्री लागते. दुसरी, एकाच झोनने एक-दोनदा वाजवलं की पुढच्या वेळी अलार्म चालू (आर्म) करेपर्यंत तो झोन आपोआप गप्प करायचा. खोटे कॉल कमी करण्यासाठी अमेरिकेत पॅनेलचं सीपी-०१ नावाचं मानक आहे, त्यात ही सोय धरलेली आहे. खराब कॉन्टॅक्टमुळे रात्रभर वाजणं यानेच टळतं.

आणि सायरनचा कट-ऑफ, म्हणजे तो किती वेळाने आपोआप बंद व्हायचा. मी तीन मिनिटं ठेवतो. हॉस्पिटलखाली तर नक्कीच तीन, त्याहून जास्त नाही. चोर पळायचा असेल तर पहिल्या मिनिटातच पळतो. बाहेरचा हूटर स्वतःच्या बॅटरीवरचा असेल तर त्याला स्वतंत्र टायमर आहे ना ते तपासा. वायर तुटली की तो पॅनेलचं ऐकत नाही आणि बॅटरी संपेपर्यंत वाजतो. तुमच्याकडे मी बाहेरचा हूटर जमलं तर काढूनच टाकेन. मोठा सायरन दुकानाच्या आत लावा आणि बाहेर फक्त लुकलुकणारा दिवा. बंद खोलीत ११० डेसिबल सहन करत कुणाला काउंटर फोडता येत नाही, आणि वरच्या रुग्णांपर्यंत त्यातला थोडाच आवाज जातो. बाहेरच्या भिंतीवर काही लावायचं झालं तर ती भिंत सोसायटीची आहे, त्यांची लेखी परवानगी घ्या.

बॅटरी आणि सिमकडे दुर्लक्ष होतं. बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला. जुन्या पॅनेलचा डायलर टू-जीवर चालतो, त्यात जिओचं सिम चालणार नाही. रिचार्ज संपलेलं सिम असेल तर सायरन वाजतो पण तुम्हाला फोन येत नाही. मेहुण्यांना कसं कळलं, डायलरने की शेजाऱ्यांनी, ते विचारून बघा.

राजारामपुरीला पुराची भीती नाही, पण हे वाचणाऱ्यांत सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्क, रमणमळ्यातले लोक असतील. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घरं-दुकानं बंद करून लोक बाहेर पडले आणि वीज बंद होती. अशा वेळी पॅनेल बॅटरीवर दिवसभरही धड टिकत नाही आणि भिजलेले खालचे झोन खोटे वाजतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की खालचे झोन बंद करा, हूटर सोडवा, फक्त वरच्या मजल्याचा सेन्सर आणि डायलर चालू ठेवा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. तोवर दुकानापर्यंत पोहोचता येईलच असं नाही.

अलार्मच्या नावाखाली ज्या गोष्टींची गल्लत होते, त्या उरकतो. आगीचा अलार्म वेगळा. त्याला महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा लागू होतो, आणि ज्या इमारतींना तो बंधनकारक आहे त्यांना परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तुमच्या इमारतीत हॉस्पिटल आहे, त्यामुळे हे काम कोण बघतं ते सोसायटीला विचारा आणि घरफोडीच्या कामात आगीच्या वायरिंगला हात लावू देऊ नका. रखवालदार ठेवणार असाल तर एजन्सीकडे २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याचा परवाना आहे का ते बघा. भावाकडून वायरलेस अलार्मचा सेट मागवायचा विचार असेल तर थांबा. अमेरिकेतले बरेच सेट ज्या फ्रीक्वेन्सीवर चालतात त्या आपल्याकडे परवानामुक्त नाहीत. इथे ४३३-४३४ आणि ८६५-८६८ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत खुले आहेत, त्यात बसणारा सेट इथेच घ्या. विमा असेल तर पॉलिसीत अलार्म चालू ठेवण्याची अट आहे का ते वाचा. असेल, तर वैतागून यंत्रणा बंद करून ठेवणं दाव्याच्या वेळी महागात पडेल.

या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. आधी कट-ऑफ तीन मिनिटांवर आणा, मग लॉग बघून दोष काढा. त्यानंतर हॉस्पिटलच्या डॉक्टरांना स्वतः जाऊन भेटा. झाल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त करा, काय दुरुस्ती केली ते सांगा आणि रात्रीच्या सिस्टरांच्या टेबलावर दोन फोन नंबर लिहून ठेवा. सायरन वाजला तर सगळ्यात आधी त्यांनाच ऐकू येणार आहे, आणि तुम्ही गावाला असलात तर त्यांच्यासारखा जागा शेजारी दुसरा नाही. राजारामपुरी पोलीस ठाण्यात साध्या कागदावर अर्ज द्या: दुकानाचा पत्ता, अलार्म आहे, सायरन तीन मिनिटांत बंद होतो, किल्ली असलेल्या दोघांची नावं आणि नंबर. पोहोच घ्या. अशा अर्जाची सक्ती नाही, पण गुजरीतल्या माझ्या ग्राहकांनी दिलेत आणि रात्री बीटवाल्यांचा फोन थेट मालकाला आलाय.

पॅनेलच्या झाकणाच्या आत मॉडेल नंबरचं लेबल असतं. त्याचा आणि झोनच्या यादीचा फोटो टाका. मास्टर कोड मात्र झाकून घ्या. कट-ऑफ आणि दुहेरी खात्री कुठल्या मेनूत आहे ते बघून सांगतो.